झेंड्यामागे चालताना



मार्च उजाडला की आमच्या नागपुरात घरोघरी दोनच विषय असतात. एक म्हणजे कूलरच्या वाळ्याच्या ताट्या कधी बदलायच्या, आणि दुसरा म्हणजे यंदा उन्हाळ्यात कुठे जायचं. हा दुसरा विषय निघाला की हल्ली दोन तट पडतात. आमच्या पुण्याच्या भाच्याचा तट म्हणतो, "मावशी, ग्रुप टूर म्हणजे मेंढरांचा कळप गं! पुढे झेंडा घेतलेला मेंढपाळ आणि मागे टोप्या घातलेली पन्नास मेंढरं. त्यापेक्षा घरी बसून टीव्हीवर बघावं." दुसरा तट माझ्या वयाच्या मंडळींचा. ते म्हणतात, "बाप्पा, येवढे पैसे भरले नं, मग आता आपण काऊन डोकं चालवायचं? सगळं ते लोक पाहून घेतील."

मला दोन्ही तट पटत नाहीत. का पटत नाहीत ते जरा सविस्तर सांगावं म्हणून आज लिहायला बसले आहे. बत्तीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवला, त्यामुळे सविस्तर सांगायची खोड गेलेली नाही. सांभाळून घ्या.

माझं म्हणणं थोडक्यात असं : सहलीबरोबर जाण्यात कमीपणा काही नाही, पण सहलीत नुसतं सामान होऊन जाऊ नये. बॅगेला टॅग लावतात तसा आपल्याला टॅग लावायचा, बसमध्ये चढवायचं, उतरवायचं, जेवू घालायचं आणि पंधरा दिवसांनी घरी पोचतं करायचं, एवढंच होणार असेल तर आपल्या बॅगेनेही तेवढाच युरोप पाहिला असं म्हणावं लागेल. उलट मनात आणलं तर सहल ही फार चांगली शाळा आहे. शिकायला मिळतं आणि चुकलं तर सावरायला माणूस हजर असतो. एकट्याने प्रवास करण्याची विद्या शिकायला याहून सुरक्षित वर्ग मला तरी माहीत नाही.

आधी सहलीची बाजू घेते. हा प्रकार काही आजचा नाही. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या माणसाने इंग्लंडात लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं खास गाडीने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. निमित्त होतं दारूबंदीच्या सभेचं! तिथून आजच्या सहलींची सुरुवात झाली असं मानतात. ज्यांनी आपला गाव सोडून काही पाहिलं नव्हतं अशा साध्या लोकांना त्याने जग दाखवलं. आपल्याकडे मराठी माणसाला हे काम करून दाखवणाऱ्यांत केसरीभाऊ पाटलांचं नाव घ्यावं लागेल. १९८४ साली त्यांनी 'केसरी' सुरू केली. ते मुळात शिक्षक होते, हे कळल्यावर मला उगाचच आपल्या घरचा माणूस असल्यासारखं वाटलं होतं. २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये 'वीणा वर्ल्ड' काढली. फक्त बायकांच्या सहली ही कल्पना मराठी घराघरांत पोचली ती या मंडळींमुळे. जिने जन्मात कधी नवऱ्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढलं नाही अशी बाई बायकांच्या घोळक्यात बँकॉकला जाऊन येते, ही गोष्ट लहान नाही. भाचेमंडळींनी तिला हसू नये.

आणि घोळक्याने प्रवास करणं तर आपल्या रक्तातच आहे. वारी म्हणजे दुसरं काय? पण वारीची शिस्त नीट पाहिली आहे का? ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. रथाच्या पुढे सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या मागे. लाखोंच्या गर्दीत एखादी आजीबाई चुकली तरी ती रडत बसत नाही. "रथामागं अमकी दिंडी" एवढं तिला पाठ असतं, आणि तेवढ्यावर ती विचारत विचारत आपल्या मुक्कामी पोचते. तिला लिहिता-वाचता येत नसेल, पण आपण कुठे आहोत, कोणाबरोबर आहोत आणि रात्री कुठे पोचायचं आहे, हे तिला ठाऊक असतं. स्वतःची चूल, स्वतःचं अंथरूण, स्वतःचे पाय. घोळक्यात असूनही ती परावलंबी नाही. मला सहलीतला प्रवासी असा हवा आहे.

आता प्रत्यक्षात काय दिसतं? मी आजवर देशातल्या आणि परदेशातल्या मिळून सात सहली केल्या. त्यातल्या एका सहलीत, देश सांगत नाही, बाजारात आमच्यातल्या एक बाई मागे राहिल्या. शिकलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांना हॉटेलचं नाव आठवेना. फोनमधलं परदेशी कार्ड यजमानांच्या फोनमध्ये. पासपोर्ट यजमानांच्या कमरेच्या पाकिटात. पैसेही तिथेच. दीड तास त्या एका दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. टूर मॅनेजर बिचारा घामाघूम होऊन शोधत आला तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पुढचे सहा दिवस त्या बसमधून खाली उतरायला घाबरायच्या. मला राहून राहून वाटत होतं, या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब पैपैशाने सांभाळला, आणि इथे स्वतःच्या नावाचं एक चिटोरंही त्यांच्या हाती नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट सांगते. माझी एक जुनी मैत्रीण आहे, तिला आपण माई म्हणू. यजमानांबरोबर तिने अकरा देश पाहिले. २०२१ मध्ये ते गेले. मुलगी आयर्लंडला. बाळंतपणाला आईने यावं असा तिचा हट्ट. माई म्हणाली, "अगं, मी अकरा देश फिरली, पण विमानतळावर कुठल्या रांगेत उभं राहायचं ते मला माहीत नाही. मी नेहमी ह्यांच्या शर्टाकडे पाहून चालायची." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. अकरा देशांची शिदोरी, आणि तिच्यातलं काहीच कामाला येईना! त्या वेळी ती गेली नाही. मुलीचं बाळंतपण आईवाचून झालं.

म्हणून मी म्हणते की हा प्रश्न हौसेचा नाही. आपल्या पिढीत जोडप्यापैकी एकजण कधीतरी मागे राहणारच आहे. मुलं दूरदेशी आहेत. त्या वेळी ज्याला-जिला स्वतःच्या बळावर दारातून दारात पोचता येतं, त्याची म्हातारपणातली दुनिया मोठी राहते. ज्याला येत नाही त्याची दुनिया गल्लीपुरती होते.

मग सहलीत शिकायचं काय? माझ्या वहीत मी सहा धडे काढून ठेवले आहेत. मास्तरीण आहे, धडे काढणारच!

पहिला धडा पत्त्याचा. हॉटेलात शिरल्याबरोबर काउंटरवरून हॉटेलचं कार्ड मागून घ्यावं. त्यावर त्या देशाच्या लिपीत पत्ता असतो. टॅक्सीवाल्याला आपलं इंग्रजी कळो न कळो, ते कार्ड कळतं. खोलीच्या दाराचा आणि हॉटेलच्या पाटीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. संध्याकाळी जेवण झालं की हॉटेलभोवती एक चक्कर मारावी, डाव्या हाताला औषधाचं दुकान, उजव्या हाताला चर्च, असं मनात टिपत. मुलांना मी गावाचा नकाशा काढायला लावायची तो असाच. आणि ११२ हा आकडा पाठ करावा. युरोपातही संकटात तोच नंबर आणि २०१९ पासून आपल्याकडेही तोच.

दुसरा धडा कागदांचा. नवरा-बायको दोघांनी आपापला पासपोर्ट आपापल्याजवळ ठेवावा. एकमेकांच्या बॅगेत एकमेकांच्या पासपोर्टची झेरॉक्स असू द्यावी. विसा एकदा नीट वाचावा, किती दिवसांचा, किती वेळा आत जाता येतं, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. युरोपच्या शेंगेन विसाला किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो कंपनीने काढलेला असतो, पण तो कागद कुठे आहे आणि फोन कोणाला करायचा हे आपल्याला नको का माहीत? विमानतळावरचे फॉर्म टूर मॅनेजरकडून भरून घेऊ नयेत. त्याला शेजारी उभं करावं आणि स्वतः भरावेत. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील, दुसऱ्यांदा चार.

तिसरा धडा बॅगेचा. यात आपण बायका फार माहीर, पण नियम देशागणिक वेगळे. आपल्या अनारशांवरची खसखस ही दुबईच्या विमानतळावर चालत नाही, संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. ऐकून मला हसू आलं होतं, पण तिथल्या कायद्याला ते हसण्यावारी नाही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे आपली संत्राबर्फी अडली. ऑस्ट्रेलियात खाण्याचं काहीही असलं तरी फॉर्मवर लिहून सांगावं लागतं, लपवलं तर दंड. औषधं पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्यावीत. झोपेच्या आणि काही वेदनाशामक गोळ्यांवर बऱ्याच देशांत कडक नियम आहेत. निघायच्या आधी हे विचारून घेणं आपलं काम.

चौथा धडा गाड्यांचा. सहलीच्या बसमधून शहर दिसतं पण कळत नाही. मोकळी दुपार मिळाली की दोघी-तिघींनी मिळून दोन स्टेशनं मेट्रोने जाऊन परत यावं. पॅरिसच्या मेट्रोत तिकीट बाहेर पडेपर्यंत जपून ठेवावं लागतं, मधेच तपासनीस येतात. भीती वाटते? मग सराव घरी करा की! नागपूरची मेट्रो २०१९ पासून धावते आहे. खापरीहून ऑरेंज लाइनने सीताबर्डीला यायचं, तिथे उतरून ॲक्वा लाइन पकडायची आणि लोकमान्यनगरला जायचं. यंत्रातून तिकीट काढणं, सरकत्या जिन्यावर चढणं, पाट्या वाचून दुसऱ्या फलाटावर जाणं, सगळं आलं त्यात. लंडनला काय वेगळं असतं? जाळं मोठं एवढंच. एसटीचं तर विचारूच नका. २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना तिकीट नाही आणि २०२३ पासून बायकांना अर्धं. मला पुढच्या वर्षी पंचाहत्तर होतील, तेव्हा चंद्रपूर, अमरावती, बुलढाणा सगळं एकटीने पालथं घालणार आहे, बघाच.

पाचवा धडा चार शब्दांचा. नमस्कार, कृपया, धन्यवाद आणि माफ करा. कुठल्याही देशात जाण्याआधी हे चार शब्द वहीत लिहून पाठ करावेत. फ्रान्समध्ये दुकानात शिरल्यावर आधी 'बाँझूर' म्हणायचं आणि मग वस्तूची किंमत विचारायची. ते न म्हणता थेट "हाऊ मच?" केलं की दुकानदारीण तोंड वाकडं करते. आपण म्हणतो फ्रेंच लोक शिष्ट! अहो, आपल्या घरात कोणी पाहुणा चपलांसकट शिरून "चहा कुठे आहे?" म्हणाला तर आपण त्याला काय म्हणू? थायलंडमध्ये हात जोडून 'सवादी खा' म्हटलं की समोरचा माणूस एकदम उजळतो. हात जोडणं तर आपल्याला शिकवावंही लागत नाही.

सहावा धडा ताटाचा, आणि यावर वाद होणार हे मला माहीत आहे. सहलीत वरण-भात, पोळी-भाजी मिळते म्हणून आपण लोक जातो, यात लाजण्यासारखं काही नाही. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. नवरा बरोबर नव्हता, सोबत होती ती मिशनरी बायकांची. त्यांनी शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही, धर्म सोडला नाही, आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. निघण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, भर सभेत इंग्रजीतून आपण का जातो आहोत हे सांगितलं होतं. आपलं जपणं आणि दुसऱ्याला नावं न ठेवणं ही दोन्ही एकाच वेळी करता येतात, हे त्या मुलीने दाखवून दिलं. आपण मात्र पंचतारांकित हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर "शी! हे काय खातात हे लोक!" असं मोठ्याने म्हणतो, आणि तिथे वाढणारा मुलगा नेमका हिंदी समजणारा निघतो.

शाकाहारी माणसाने नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही हेही शिकावं. जपानात साध्या भाजीच्या सूपातही माशाचा अर्क असतो, थायलंडमध्ये भाजीवर माशाचा सॉस पडतो. तिथल्या माणसाच्या मनात मासा म्हणजे मांस नव्हेच, त्यामुळे तो खोटं बोलत नसतो. "मांस नको, मासा नको, अंडं नको" असं एकेक सांगावं, चिठ्ठीवर त्यांच्या भाषेत लिहून घ्यावं. आणि रोज एक तरी पदार्थ तिथला खाऊन पाहावा. फळ असो, पाव असो. बाहेरून आलेला पाहुणा तर्रीपोहे मागून खातो तेव्हा आपल्याला किती आनंद होतो! तोच आनंद दुसऱ्याला द्यायला आपण का कद्रूपणा करतो?

हे झाले व्यवहाराचे धडे. पण त्यांच्यावरचा जो धडा आहे तो वागण्याचा, आणि तो शिकायचा असेल तर आधी आपल्याच अंगणात उभं राहून पाहावं.

आमच्या नागपूरला जगभरातून लोक येतात. दीक्षाभूमीवर येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती जागा. तिथे एखादं जपानी किंवा थाई माणूस पायातले काढून, आवाज खाली करून, हात जोडून आत शिरतं तेव्हा बघणाऱ्याला किती बरं वाटतं! आणि तेच कोणी खिदळत सेल्फी काढत फिरलं की कसं खुपतं! आता आपण श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढतो, तेव्हा तिथल्या लोकांना तसंच खुपतं. थायलंडच्या देवळात मूर्तीसमोर पाय पसरून बसतो, व्हॅटिकनला सेंट पीटर्समध्ये उघड्या खांद्यांनी शिरायला जातो आणि दारात अडवलं की चिडतो. आपल्या देवळात कोणी बूट घालून आलं तर?

दुसरं उदाहरण जरा कडू आहे. २०२४ च्या ३१ डिसेंबरला आमच्या जवळच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एक वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवून धरली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेले लोक दुष्ट होते का? नाही हो. आपल्यासारखेच होते. पैसे भरले आहेत, वाघ दिसलाच पाहिजे, फोटो मिळालाच पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात असणार. वाघिणीला तोंड होतं पण ती बोलू शकत नव्हती, म्हणून कोर्टाला बोलावं लागलं. पण माणसं बोलतात. क्योटो शहरातल्या गिओन भागात गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्या पर्यटकांना कंटाळून २०२४ मध्ये तिथल्या रहिवाशांनी खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या, शिरल्यास दहा हजार येन दंड. व्हेनिसने त्याच वर्षी मार्गदर्शकाबरोबरच्या गटाला पंचवीस माणसांची मर्यादा घातली आणि लाउडस्पीकरवर बंदी आणली. म्हणजे आपला तो पन्नासांचा कळप आता कायद्यालाच नकोसा झाला आहे!

गडचिरोलीतल्या एका माडिया गावात मी स्वतः पाहिलं आहे. एका बसमधून मंडळी उतरली, पोरांच्या हातात बिस्किटाचे पुडे ठेवले, त्यांच्याबरोबर फोटो काढले, घरात न विचारता डोकावली आणि वीस मिनिटांत निघून गेली. एका म्हाताऱ्या बाईने पदर ओढून तोंड फिरवलं. तिचं ते तोंड फिरवणं कोणाच्याच फोटोत आलं नसेल. मी त्या बसमधल्या दोघींना म्हटलं, "अवो, आधी विचारायचं तरी!" तर म्हणाल्या, "त्यांना आवडते फोटो काढलेलं." कोणी सांगितलं?

याउलट मेघालयात मावफ्लांगला खासी लोकांची देवराई आहे. तिथला नियम एकच, आत जाताना काहीही न्या, येताना एक पानही बाहेर आणायचं नाही. स्थानिक मुलगा वाटाड्या म्हणून बरोबर येतो. आमच्या गटातल्या चाळीस माणसांनी तो नियम पाळला, कारण त्या मुलाने आत शिरण्याआधी पाच मिनिटं थांबवून शांतपणे समजावून सांगितलं होतं. लोक वाईट नसतात. त्यांना वेळेवर कोणीतरी सांगावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, सत्तरीनंतर गुडघे दुखतात, कानाला यंत्र आहे, आता कसली शाळा? आराम विकत घेतला आहे, तो घेऊ द्या." हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. ज्यांना खरंच झेपत नाही त्यांनी टूर मॅनेजरच्या हाताला धरून चालावं, त्यासाठीच तो आहे. पण मी सांगितलेल्या सहा धड्यांत गुडघ्यांचं काम किती आहे? हॉटेलचं कार्ड खिशात ठेवायला, स्वतःचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायला, चार शब्द पाठ करायला आणि फोटो काढण्याआधी विचारायला गुडघे लागत नाहीत. आणि पस्तीस-चाळीस माणसांमागे एकच टूर मॅनेजर असतो हो! जितकी माणसं स्वतःचं स्वतः बघतील, तितका त्याचा वेळ खऱ्या गरजू माणसासाठी मोकळा राहील. हा साधा हिशेब आहे.

सहल कंपन्यांनाही माझं सांगणं आहे. निघण्याआधीच्या बैठकीत नाश्त्याला काय मिळणार यापेक्षा तिथे कसं वागायचं, कुठे कपडे कसे हवेत, चार शब्द कोणते, यावर अर्धा तास द्यावा. हॉटेलचं कार्ड खोलीच्या किल्लीबरोबरच प्रत्येकाच्या, होय, प्रत्येकाच्या, हातात द्यावं. सहलीत एक दुपार अशी ठेवावी की तीन-तीन जणांचे गट करून त्यांना एक छोटं काम द्यायचं. अमुक चौकात जा, तिथल्या दुकानातून पाव घ्या, बसने परत या. टूर मॅनेजर फोनवर आहेच. ज्या कंपन्या असं करत असतील त्यांचं कौतुक, आणि करत नसतील तर आपण प्रवाशांनी मागावं. आपण मागतो काय? तर खिडकीची जागा आणि आमरस!

माईचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तिने त्यानंतर बायकांच्या दोन सहली केल्या, आणि त्या मुद्दाम शिकायला म्हणून केल्या. पहिल्या दिवशीच टूर मॅनेजर मुलीला सांगितलं, "बेटा, माझे फॉर्म मी भरणार, तू फक्त बघ. रांग मी शोधणार, चुकली तर सांग." ती पोरगीही मोठी गुणी, तिने घाई केली नाही. मागच्या वर्षी माई दोह्याला विमान बदलून एकटी डब्लिनला गेली. नात आता चार वर्षांची आहे. आजीने तिला विमानतळावर पहिल्यांदा पाहिलं. जे बाळंतपण हुकलं ते हुकलंच, ते काही परत येत नाही. पण दुसऱ्या नातवंडाच्या वेळी तसं झालं नाही. सध्या मुक्काम तिकडेच आहे. परवा फोनवर सांगत होती की शेजारच्या आयरिश म्हातारीकडे रोज सकाळी जाते, दोघी मिळून चहा पितात, आणि तिने तिला पोहे करायला शिकवलं.

तर मंडळी, या सुट्टीचा गृहपाठ. सहलीचे पैसे भरले असतील तर उत्तमच, नसतील तरी हरकत नाही. घरातल्या प्रत्येकाने आपापला पासपोर्ट कपाटातून काढून त्याची मुदत कधी संपते ते स्वतः वाचायचं. ज्या गावाला जाणार तिथले चार शब्द पाठ करायचे. आणि घरातल्या ज्या बाईने किंवा बाप्याने आजवर एकट्याने मेट्रोने प्रवास केलेला नाही, त्याला किंवा तिला सीताबर्डीला गाडी बदलायला एकटं पाठवायचं. आपण मागच्या डब्यात बसायचं, पण हाक मारायची नाही.

वही तपासायला मी आहेच. तुमचे अनुभव जरूर लिहा, आणि न पटलं तर तेही लिहा. असो. आज इथेच थांबते.